कुणाचीच नोकर नसलेली बाई

ज्या बाईबद्दल मी लिहिणार आहे ती स्वतःच्या मते फार कर्तबगार होती. तिच्याकडे गाडी होती, लेझर प्रिंटर होता, निळा ब्लेझर होता आणि स्वतःबद्दलचं एक मत होतं. ते मत टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर मावेना, म्हणून त्याच्यासाठी बेसमेंटमध्ये टेबल टाकलं. ती बाई म्हणजे मी. वय चौपन्न. या वयात आमच्या नागपुरात बायका दुसऱ्यांच्या सुनांना शहाणपण शिकवतात. मी स्वतःलाच मूर्ख बनवायला घेतलं होतं, आणि त्यात कुणाची मदतही लागली नाही.

कामाचं आधी सांगते. इथे लोक घरावरचं कर्ज एका बँकेतून उचलून दुसरीत नेतात. त्याच्या कागदांवर सह्या करायला वकिलाच्या ऑफिसात जायचा त्यांना कंटाळा येतो. मग एक कंपनी सह्या घ्यायला माणूस घरी पाठवते. त्याला म्हणतात साइनिंग एजंट. लायसन्सवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का बघायचं, इथे सही, इथे इनिशियल, इथे तारीख असं बोट ठेवत पानं उलटायची, साक्षीदार म्हणून आपली सही करायची आणि गठ्ठा कुरिअरला टाकायचा. ज्याला पान उलटता येतं त्याला हे काम येतं. मी मात्र ते अशा चेहऱ्याने करायचे की जणू संविधानसभेच्या मसुद्यावरच सह्या घेतेय.

त्याआधी चौदा वर्षं मी एका विमा कंपनीत फाइली बघायचे. पगार, सुट्ट्या, दातांचा इन्शुरन्स, सगळं होतं. ते ऑफिस बंद झालं आणि मला हे काम मिळालं. त्याबरोबर मी जाहीर केलं की नोकरी ही गुलामी असते आणि आता मी स्वतंत्र आहे. गावाकडे मी सांगितलं की मी नोटरीचं काम करते. तेही खोटंच. इथला नोटरी बहुतेक वकील नाहीतर छोट्या कायदेशीर कामांचं लायसन्स असलेला पॅरालीगल असतो, त्याच्याकडे स्वतःचा शिक्का असतो. माझ्याकडे पेनं होती.

"म्हणजे वहिनी," धाकटा दीर फोनवर म्हणाला, "कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसतात, तसं?"

"तसं नाही हो भाऊजी. मी स्वतंत्र आहे."

"तेही स्वतंत्रच असतात. झाड तेवढं कॉर्पोरेशनचं."

वडील तेव्हा होते. तारखात्यातून रिटायर झालेले, व्हिडिओ कॉलवर फक्त कपाळ दाखवायचे. त्यांनी एकच विचारलं, "परमनंट आहे का?"

आमच्या घरात या शब्दाला काय किंमत होती ते बाहेरच्यांना कळायचं नाही. माझे आजोबा नागपूरच्या गिरणीत बदली कामगार होते. रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. वडील तारखात्यात परमनंट झाले तेव्हा आजीने वस्तीत घरोघर पेढे दिले होते. त्या पेढ्यांवर वाढलेली मी कॅनडातून त्या म्हाताऱ्याला समजावत होते की, "बाबा, परमनंट वगैरे जुने विचार झाले. आता सगळे आंत्रप्रुनर असतात." बाबांनी कपाळ थोडं हलवलं. फक्त कपाळच दिसत असल्यामुळे त्याखाली काय चाललंय ते मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

कंपनी आम्हाला एजंटसुद्धा म्हणायची नाही, पार्टनर म्हणायची. करारात पानापानावर लिहिलेलं होतं की तुम्ही आमचे कर्मचारी नाही. जो माणूस दारात पाऊल टाकताच "मी प्यायलेलो नाही" म्हणतो, त्याच्याबद्दल आपल्याला काय वाटतं? पण मी ते वाचून खूश झाले. मला वाटलं, केवढा हा आदर! बरोबरीच्या नात्याने वागवतात!

बरोबरीचं नातं असं होतं. ब्लेझर निळाच हवा, काळा चालणार नाही. अत्तर लावायचं नाही. दिलेल्या वेळेच्या आधी बेल वाजवायची नाही आणि नंतर तर नाहीच. दारात पोचलात की घराच्या नंबरसकट फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा, तो मंजूर झाला की मगच आत. आत गेल्यावर काय बोलायचं ते त्यांनी लिहून दिलेलं, त्याच्याबाहेर जायचं नाही. दर त्यांनी ठरवायचा. ग्राहकाला स्वतःचं कार्ड द्यायचं नाही. काम नाकारायला मी पूर्ण मोकळी होते, फक्त नाकारलं की रेटिंग घसरायचं आणि मग फोन मुका व्हायचा. गिरणीच्या गेटवरचं बोट आता माझ्या पर्समध्ये होतं आणि टिंग वाजायचं. गाडी, पेट्रोल, विंटर टायर्स, प्रिंटर, टोनर मात्र सगळं माझं. या एका बाबतीत त्यांनी माझ्या स्वातंत्र्यात कधी ढवळाढवळ केली नाही.

आता दुसऱ्या कुठल्याही समाजातल्या बाईने हे काम गुपचूप केलं असतं. पण आपल्या माणसांना उद्घाटनाशिवाय काही सुरू करता येत नाही. मी बेसमेंटचं उद्घाटन ठेवलं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण झालं, इथल्या आमच्या मराठी बौद्ध संघटनेच्या अध्यक्षांच्या हस्ते प्रिंटरच्या टेबलाला बांधलेली लाल फीत कापली. लोक टाळ्या वाजवून प्रिंटरकडे बघत राहिले, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. एका सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांनी विचारलं, "स्केल कसं करणार?" हे गृहस्थ, जिथे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो त्या पॉटलकला, दर वेळी रिकाम्या हाताने येतात आणि डबे भरून नेतात, त्यामुळे धंद्यातलं त्यांना कळतं असा सगळ्यांचा समज आहे. मी गंभीरपणे म्हटलं, "फेजेसमध्ये."

पुढच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात मला उद्योजिका पुरस्कार मिळाला. मिळाला म्हणजे काय, त्या वर्षी दुसरं नाव सुचलं नाही. मी भाषण केलं. माझी टीम, माझे क्लायंट, माझी विस्ताराची योजना. पुढच्या रांगेत शहराचे एक नगरसेवक बसले होते, म्हणून शेवट इंग्रजीत केला. हात वर करून म्हणाले, "आय अ‍ॅम नोबडीज एम्प्लॉयी!" सभागृह उभं राहिलं. संघटनेने ते यूट्यूबवर टाकलं. माझी नात अलीकडे ते बघते आणि उशीत तोंड खुपसते. "आजी, दॅट इज सो क्रिंज." मी म्हणते, "बाळ, पूर्ण बघ. पुढे मी नगरसेवकाला नमस्कार करताना माइकवर आपटते."

तेव्हा एकच व्यक्ती माझ्यासाठी उभी राहिली नाही. ब्रॅम्प्टनची माझी पंजाबी मैत्रीण. ती खरी नोटरी, पॅरालीगल, मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस. दर स्वतः ठरवते, पटलं नाही तर गिऱ्हाइकाला जिना दाखवते, बैसाखीला कुलूप लावते, स्वतःला जमलं नाही तर हाताखालच्या मुलीला पाठवते. माझा पुरस्कार हातात घेऊन तिने तो उलटा करून बघितला, जणू खाली किंमत चिकटवलेली असावी.

"तो तू मालकिन है?"

"हां, और क्या!"

"अच्छा. कल काम पे मत जा. मेरे साथ चल, सूट देखने हैं."

"अरे, रेटिंग गिर जाएगा."

"मालकिन का रेटिंग कौन गिराता है, बहनजी?"

मी तिला म्हटलं की तुला मॉडर्न बिझनेस मॉडेल कळत नाही. तिने बर्फी खाल्ली.

हे असंच चाललं असतं, पण फेब्रुवारीत ग्वेल्फच्या बाहेर एका घरी काम आलं. जानेवारीत माझ्या नवऱ्याचा कंत्राटी प्रोजेक्ट संपला होता आणि तो दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अप्लाय करत होता. घर माझ्या सह्यांवर चाललं होतं, म्हणून रस्ता बर्फाळ असूनही मी ते काम घेतलं. त्या घराचा ड्राइव्हवे शोव्हल केलेला होता, म्हणजे बर्फ काढून खालची काच उघडी केलेली होती. घराचा नंबर फोटोत नीट यावा म्हणून मी एक पाऊल मागे गेले, फोन उंच धरला, आणि माझे पाय माझ्याआधी ग्वेल्फमधून निघून गेले. उजव्या मनगटातून जो आवाज आला तो मी आधी फक्त फरसबी मोडताना ऐकला होता.

पडल्या पडल्या फोन टिंग वाजला. पडताना बटण दाबलं गेलं होतं आणि फोटोत नुसतं आकाश आलं होतं. अ‍ॅप म्हणत होतं, फोटो अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा काढा.

आणि त्या कर्तबगार बाईने काय केलं? पुन्हा काढला. डाव्या हाताने. मग आत जाऊन हसतमुखाने लिहून दिलेलं सगळं म्हणून दाखवलं. घरातल्या बाईने माझ्या हाताकडे बघून फ्रीझरमधल्या मटारची पिशवी आणली. मनगटावर मटार ठेवून मी पानं उलटली आणि साक्षीदाराच्या सह्या डाव्या हाताने केल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीने तो गठ्ठा परत पाठवला. माझी सही माझ्या सहीशी जुळत नव्हती.

ऑपरेशन झालं, मनगटात धातूची पट्टी बसली, वर प्लास्टर. डॉक्टर म्हणाले उन्हाळ्यापर्यंत लिहायचं नाही, गाडी चालवायची नाही. मी सरकारच्या आजारपणाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. तो भत्ता नोकरदारांना मिळतो. स्वतंत्र धंदेवाल्यांनाही मिळू शकतो, पण त्यांनी आधी नाव नोंदवून हप्ते भरलेले असायला हवेत. मी भरले नव्हते. उद्घाटनाच्या वेळी कुणीतरी हे सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, आजारी पडतात ते नोकर.

भत्त्याच्या ऑफिसने नोकरीचा दाखला मागितला. मी कंपनीत फोन लावला. आमच्यासाठी एक माणूस नेमलेला होता, त्याच्या पदाचं नाव पार्टनर सक्सेस मॅनेजर. वयाने माझ्या मुलाएवढा, आवाजात कायम मध.

"दाखला नोकरांना देतात," तो म्हणाला. "तुम्ही तर पार्टनर आहात. तुमची स्वतःची कंपनी आहे ना?"

"माझी कंपनी? मी तुमच्यासाठी काम करते."

"आमच्यासोबत," त्याने दुरुस्त केलं. "लवकर बरे व्हा. वी आर अ फॅमिली."

फॅमिलीने फुलं पाठवली नाहीत. अ‍ॅपवर माझ्या नावापुढे "अनुपलब्ध" लिहिलं आणि रेटिंग कमी केलं.

दाखला नाही म्हटल्यावर माझी फाइल टॅक्सखात्याकडे गेली. तिथे असे वाद निकाली काढणारे अधिकारी असतात. कामगार की स्वतंत्र धंदेवाला, ते त्यांनी ठरवायचं. करारात काय लिहिलंय तेवढ्यावर ते थांबत नाहीत. हुकूम कुणाचा चालत होता, अवजारं कुणाची होती, नफातोटा कुणाच्या हातात होता, आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येत होतं का, हे सगळं विचारतात. आणि दोघांचा हेतू काय होता, हेही बघतात.

माझा हेतू यूट्यूबवर होता.

कंपनीने तो शोधून काढला. उद्घाटनाचे फोटो, फीत, पुरस्कार, आणि भाषणाचा शेवट, सगळं अधिकाऱ्याकडे पाठवून दिलं. मी वर्षभर ज्यांच्यासाठी राबले त्यांनी माझं भाषण पहिल्यांदाच ऐकलं ते माझा भत्ता अडवायला. नवरा म्हणाला, "तुला म्हटलं होतं, मराठीतच संपव."

पंजाबी मैत्रिणीला फोन केला. वाटलं, हसेल. ती हसली नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाली, "सुन. अफ़सर पूछेगी, तू सच बोल देना. बस एक चीज़ मत करना. इज़्ज़त मत बचाना."

हे माझ्यासारखीला जमणं सोपं नव्हतं. भत्ता मिळाला नसता तर घराचा हप्ता अवघड होता. लोकांच्या घरांच्या कर्जावर साक्षीदार असलेल्या बाईचं स्वतःचं घर. पण भत्ता मिळवायचा तर एका सरकारी बाईला फोनवर, कॅनडाच्या सरकारी रेकॉर्डवर, सांगायचं होतं की मी कुणीच नव्हते. खरं सांगते, आदल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की अर्ज मागे घ्यावा. पट्टी बसवलेला हात उशीवर ठेवून बसलेली ती बाई अजून हिशोब करत होती की घर गेलं तर लोक काय म्हणतील आणि मी नोकर निघाले तर लोक काय म्हणतील. इतकी बिनडोक बाई मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

फोन सकाळी आला. अधिकारी बाईचा आवाज कोरडा, बोलण्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याचा हेल. ती इंग्रजीत बोलत होती, मी इथे मराठीत लिहिते. नवरा जिन्यात बसला होता. आधारासाठी, असं त्याचं म्हणणं.

"हे भाषण तुमचंच ना?"

"हो."

"त्यात तुम्ही 'माझी टीम' म्हणालात. टीममध्ये कोण कोण होतं?"

"मी."

"आणखी?"

"माझे मिस्टर. प्रिंटरमध्ये कागद अडकला की ते काढायचे."

"आणि टोनर हलवायचो!" जिन्यातून आवाज आला.

"त्यांना पगार देत होतात?"

"जेवायला देत होते."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. जेवण सरकारी नोंदीत गेलं.

"'माझे क्लायंट.' या कंपनीखेरीज दुसरे कोण?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. शेजाऱ्याचा कुत्रा बर्फात पिवळं करत होता. "कुणी नाही."

"'विस्ताराची योजना'?"

"दुसरा प्रिंटर घ्यायचा विचार होता."

"आणि शेवटचं वाक्य? मी कुणाचीच नोकर नाही, असं तुम्ही स्पष्ट म्हणता."

ते वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं. त्या वाक्यासाठी सभागृह उभं राहिलं होतं. आयुष्यात माझ्यासाठी माणसं उभी राहिली ती तेवढीच.

"पुढच्या रांगेत नगरसेवक बसले होते," मी म्हटलं. "त्यांना मराठी येत नाही."

जिन्यातून कुणीतरी खोकलं. अधिकारी बाई मात्र हसली नाही. सरकारी माणसं या एका बाबतीत जगभर सारखी.

"मॅडम, तुम्ही स्वतःला काय समजत होतात ते मी लिहून घेतलं. आता मला असं सांगा, काय काम करायचं ते सोडून, ते कसं करायचं हे त्यांनी कधी सांगितलं? एखादा प्रसंग?"

तेव्हा मी चहाची गोष्ट सांगितली.

स्कारबरोला एका गुजराती घरी सह्या होत्या. सगळं आटोपलं, कागद बॅगेत गेले, बॅगेची चेन लागली. त्या घरातली आजी, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी. चहा घेतल्याशिवाय जाऊ देईना. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नव्हतं. पण दारात आलेल्याला कोरड्या तोंडाने पाठवलं तर त्या बाईला रात्री झोप लागली नसती. मी ओट्याशी उभी राहून अर्धा कप चहा घेतला. आल्याचा होता. त्या घरच्या मुलाने कंपनीला पाच तारे दिले आणि कौतुकाने लिहिलं की तुमची एजंट इतकी छान, आमच्या आईबरोबर चहा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मधाळ मॅनेजरचा फोन. "पाच ताऱ्यांबद्दल अभिनंदन! तसंच, आमच्या लक्षात आलंय की एक पेय झालं."

पेय झालं! जणू अपघात झाला. नंतर दोन आठवडे फोन मुका. वर, व्यावसायिक मर्यादा या विषयावर ऑनलाइन ट्रेनिंग, शेवटी परीक्षा. त्यात मी नापास झाले, कारण ग्राहकाने पेय देऊ केल्यास काय कराल, याला "नम्रपणे थोडं घेईन" हे उत्तर मला बरोबर वाटलं. पुन्हा बसले. दुसऱ्या खेपेला "हसून नकार देईन आणि पुढच्या पानाकडे लक्ष वेधेन" यावर खूण केली आणि पास झाले. पदवीच्या वेळी झाला नव्हता इतका आनंद झाला. ती कर्तबगार बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, कंपनी आपल्या पार्टनर्सवर किती मेहनत घेते."

अधिकारी बाई लगेच पुढच्या प्रश्नावर आली.

"हे ट्रेनिंग तुम्ही नाकारू शकत होतात?"

"हो. मग काम आलं नसतं."

"त्या वेळेचे पैसे?"

"नाही. मी स्वतंत्र होते."

"तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला त्या घरी पाठवता आलं असतं?"

"माझा फोटो त्यांच्या अ‍ॅपवर होता. मलासुद्धा काळ्या ब्लेझरमध्ये पाठवता आलं नसतं."

पलीकडे परत टाइप केल्याचा आवाज आला. या वेळी बराच वेळ. मग तिने ग्वेल्फच्या दिवसाबद्दल विचारलं, मी एक पाऊल मागे का गेले होते ते. मी सांगितलं. फोटो नंबरसकट यायला हवा होता. तो आकाशाचा फोटो अजून तुमच्याकडे आहे का, तिने विचारलं. नव्हता. मी तो डिलीट केला होता, रेकॉर्ड स्वच्छ राहावं म्हणून. तिने पहिल्यांदाच एक सुस्कारा टाकला. माझ्या मूर्खपणाला मिळालेली ती सरकारी दाद होती.

फोन ठेवल्यावर नवरा जिन्यातून उठून आला आणि म्हणाला, "टोनरचं लिहिलं का तिने?" मी म्हटलं, "चहा कर." त्याने केला. प्लास्टरमुळे बशी त्यालाच धरावी लागली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा निर्णय आला. सरकारी भाषेत, कसलीही भावना न दाखवता, त्यात म्हटलं होतं की मी त्या कंपनीची नोकर होते. हेतूबद्दल दोन ओळी होत्या: कामगाराने स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेतलं असलं तरी प्रत्यक्ष परिस्थिती तशी नव्हती. उद्योजिका पुरस्काराचं इतकं नेमकं परीक्षण आमच्या निवड समितीनेही केलं नव्हतं. भत्ता सुरू झाला, घराचा हप्ता गेला. नवऱ्याने निर्णय दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. एकदा पुरे होतं.

कंपनी अपील करणार म्हणाली होती, केलं नाही. अपिलाहून स्वस्त उपाय त्यांना सापडला. सगळ्या पार्टनर्सना मेल गेला: तुमचं स्वातंत्र्य अधिक बळकट करण्यासाठी यापुढे प्रत्येकाने स्वतःच्या नावाची कंपनी रजिस्टर करावी, त्याशिवाय काम मिळणार नाही. खर्च अर्थातच ज्याचा त्याचा. माणूस नोकर ठरू शकतो, मग माणूसच नको, असा तो हिशोब. एजंट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिव्या सुरू झाल्या. कंपनीला नव्हे, मला. कुणीतरी लिहिलं, "काही लोकांना फुकटचं खायची सवय असते." एकाने लिहिलं, "शी शुड हॅव जस्ट गॉट अ जॉब." मला राग आला नाही. एक वर्ष आधी मी हेच लिहिलं असतं, वर दोन इमोजी टाकून. त्यांची कीव करायची माझी लायकी नाही. हसायची आहे, ते मी करते.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मधाळ मॅनेजरचा फोन आला. जुनं काही मनात ठेवू नका म्हणाला. झालं ते गैरसमजातून झालं. तुमच्यासारखी अनुभवी पार्टनर आम्हाला हवीच आहे. कंपनी रजिस्टर करा, दहा मिनिटांचं काम, पुढच्या सोमवारपासून सुरू.

"नाव काय ठेवू कंपनीला?" मी विचारलं.

"काहीही! युअर चॉइस. दॅट्स द ब्यूटी ऑफ इट."

वर्षभरात मला मिळालेला हा पहिला चॉइस. मी हात उघडून बघितला. मनगट काडीसारखं झालं होतं, बोटं पेन धरायला तयार नव्हती.

"मला राजीनामा द्यायचाय," मी म्हटलं.

"सॉरी?"

"राजीनामा. कुणाच्या नावाने लिहू?"

"मॅडम, तुम्ही राजीनामा देऊ शकत नाही. तुम्ही नोकर नव्हतात."

"ते टॅक्सखात्याला सांगा. त्यांचं मत वेगळं आहे, माझ्याकडे लेखी आहे. दोन आठवड्यांची नोटीस देते. त्या काळात काम पाठवणार असाल तर पाठवा, डाव्या हाताने करीन. सही जुळणार नाही, ते तुम्हाला माहीत आहेच."

मध आटला. असा काही विभाग आमच्याकडे नाही, म्हणाला. मी म्हटलं, मग उघडा. उद्घाटनाला बोलवा, फीत मी घेऊन येते.

राजीनामा मी डाव्या हातानेच लिहिला, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं. माननीय महोदय, मी आपल्या कंपनीतील माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. पदाचं नाव काय लिहायचं ते सुचेना. नवरा म्हणाला, "कर्मचारी लिही." तो शब्द लिहायला मला बराच वेळ लागला, आणि तो हाताचा दोष नव्हता. आमच्या घरात असं पत्र याआधी कुणीच लिहिलं नव्हतं. आजोबांना राजीनामा द्यावा अशी नोकरी कधी मिळाली नाही. बाबांना मिळाली, पण ती सोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, पोचपावती आली.

त्याच संध्याकाळी अ‍ॅप बंद झालं. तेवढ्या कामात ते चपळ. राजीनामा मंजूर झाल्याचं मात्र त्यांनी आजपर्यंत कळवलेलं नाही. कळवलं तर मी नोकर होते हे कबूल करावं लागेल, आणि नामंजूर केला तर मी अजून नोकर आहे. तेव्हा बसलेत मूग गिळून. आता कुणी विचारलं, सध्या काय करता, तर मी सांगते, नोकरीत आहे, रजेवर.